सरांच्या डिफरन्शियलचा आवाज

सरांच्या जीपमध्ये बसायचं तर मला आधी हातातल्या बांगड्या काढाव्या लागत. नुसत्या काढून भागायचं नाही, रुमालात घट्ट गुंडाळून पर्समध्ये टाकायच्या. डबा मांडीवर घ्यायचा आणि त्यातला चमचा बाहेर काढून हातात धरायचा. गणिताच्या सरांच्या किल्ल्यांचा जुडगा खिशात नाही, मुठीत. खेळाच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असायची. खड्डा आला की तिच्यातला दाणा खुळखुळतो, म्हणून ती तुमसरहून निघतानाच जप्त व्हायची आणि शाळेच्या फाटकात परत मिळायची. मग बोलणं बंद. शाळा येईपर्यंत कोणी तोंडातून अक्षर काढायचं नाही, कारण सर डिफरन्शियल ऐकत असत.

डिफरन्शियल म्हणजे काय हे त्या जीपमध्ये बसण्याआधी मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. मी मराठी शिकवते. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी भोपळा लटकलेला असतो, तो. इंजिनाचा जोर त्याच्यातून दोन्ही चाकांना जातो आणि वळणावर एक चाक हळू, दुसरं जोरात फिरू शकतं, तेही त्याच्याच कृपेनं. हे मला सरांनी स्टाफरूममध्ये शिकवलं, माझ्याच डब्यातल्या दोन पोळ्या चाकं म्हणून टेबलावर गरगर फिरवून. शिकवून झाल्यावर पोळ्या त्यांनीच खाल्ल्या.

सर विज्ञानाचे. उंच, वाळके, आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी टेस्टर. बोलायचे असे की शेजारच्या वर्गाला त्यांचा धडा आपोआप शिकून व्हायचा. मी इकडे विरहाची कविता हळुवारपणे उलगडून सांगत असायचे आणि भिंतीपलीकडून ‘आम्ल!’ अशी आरोळी यायची. माझा वर्ग फिस्सकन हसायचा. मी एकदा तोंडावर सांगितलं, ‘सर, जरा हळू शिकवत जा ना.’ तर म्हणाले, ‘मी हळूच शिकवतो जी. तुमच्या कवितेतच दम नाही.’

आम्ही चौघं तुमसरला राहायचो आणि शाळा चिखला गावाच्याही पुढं, जंगलाला लागून. एसटी होती, पण ती तिच्या मनाची राणी. म्हणून सरांची जीप. सर आमच्याकडून कधी काही घेत नसत, फक्त ऐकायला लावत. गाडीबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘आवाज म्हणजे गाडीनं दिलेला अर्ज असते. आपण तो फाइलीत लावून ठेवतो अन् मंग म्हणतो, गाडी बिघडली.’ दुसरं वाक्य, ‘आधी निदान, मंग पाना.’ प्रत्यक्षात पाना नेहमीच आधी निघायचा, ते सोडा.

हे वेड पहिल्यापासून नव्हतं. त्याला एक चाक कारण झालं.

रोवणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी साठलेल्या बांध्यांमध्ये बायका वाकून धान लावत होत्या. जीप एका वळणावर आली, मागं काहीतरी कडाड् झालं, आणि खेळाचे सर बाहेर बघत कौतुकानं म्हणाले, ‘सर, कोनाचं तरी चाक चाललं जी.’ खरंच एक चाक आमच्या शेजारून, आमच्याहून जरा जोरात, एकटंच चाललं होतं. सरांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. ‘कोन बयताड आहे बे?’ असं ते म्हणतात न म्हणतात तोच आमची जीप मागून एका अंगावर बसली. चाक शेताच्या धुऱ्यावरून उडी मारून बांधीत गेलं आणि चिखलात ताठ उभं राहिलं. रोवणीवाल्या बायका हसून हसून तिथंच चिखलात बसल्या. एक म्हणाली, ‘अजी मास्तर, हे बी रोवून देऊ का?’

कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. आम्हीही हसायला लागलो होतो. पण सरांकडे पाहिलं तर चेहरा पांढराफटक. ‘गाडीत पोरी असत्या तं?’ असं ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले.

पोरी म्हणजे टोल्यावरच्या. आमच्या शाळेपासून आत, जंगलाच्या कडेला एक टोला आहे, लहानशी वस्ती. तिथल्या दहावीच्या मुलींचं परीक्षा केंद्र दूर पडतं आणि सकाळची एसटी पोचते तेव्हा पेपर सुरू झालेला असतो. मार्च महिना लग्नांचा, भाड्याची गाडी मिळत नाही. मिळाली तरी बाप लोक अनोळखी ड्रायव्हरबरोबर पोरी पाठवत नाहीत. पूर्वी दरवर्षी दोन-तीन मुली परीक्षेआधीच घरी बसायच्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाची पत्रिका यायची. सरांनी जीप घेतल्यावर पहिलं काम हे केलं, परीक्षेच्या दिवसांत टोल्यावरून पोरी उचलायच्या, केंद्रावर सोडायच्या, परत आणायच्या. तेव्हापासून एकही घरी बसली नव्हती. त्या वर्षी दिपाली नावाची मुलगी होती, वर्गात पहिली येणारी. तिचा बाप शाळेत येऊन स्पष्ट सांगून गेला होता, ‘सरची गाडी असन तं पाठवीन. नाई तं मले काही सांगू नोका.’

तर चाक सुटलं तेव्हा आतली दांडी तुटली होती आणि तिनं जाता जाता डिफरन्शियलचे दातही खाल्ले होते. तुमसरच्या मिस्त्रीनं नागपूरच्या जुन्या मालाच्या बाजारातून दुसरं डिफरन्शियल आणून बसवलं. जीप रस्त्यावर आली. आणि पहिल्याच दिवशी सरांनी बोट वर केलं.

‘आला?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

‘कुईंऽऽ असा. बारीक. मागून. आला का नाही?’

आता इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. वयानं मोठा माणूस, त्यातून रोज गाडीत बसवून नेणारा, तो ‘आला का?’ असं विचारतो तेव्हा ‘नाही’ म्हणणं आमच्याकडे बसत नाही. जेवताना यजमानानं ‘भाजी झाली ना चांगली?’ असं विचारावं आणि आपण मीठ कमी आहे म्हणावं, तशातला तो प्रकार. गणिताच्या सरांनी डोळे मिटून मान हलवली, ‘हाव सर, आला.’ खेळाच्या सरांना नुसतं ‘आला’ म्हणणं कमी वाटलं. ते म्हणाले, ‘चांगलाच येते जी. मले तं कालपासून येऊन राह्यला.’ काल जीप गॅरेजात होती.

‘मॅडम, तुमाले?’

‘मले नाही आला,’ मी म्हटलं.

जीपमध्ये अशी शांतता पसरली की त्यात खरंच काही आवाज असता तर मला तेव्हाच ऐकू आला असता. गणिताचे सर माझ्याकडे असे बघत होते जणू मी हेडसरांच्या सत्कारात हार घालायला नकार दिला. पण मी काय करू? मला खोटं बोलता येत नाही असं नाही, चांगलं येतं. पण डबा मांडीवर, चमचा हातात, बांगड्या रुमालात, एवढं करून वर आवाज आला म्हणायचं? माझं डोकंच फिरलं होतं.

तिथून निदान सुरू झालं. सरांनी आमच्या जागा ठरवून दिल्या. गणिताचे सर मागच्या बाकावर डावीकडे, खेळाचे सर खाली, फळीला कान लावून, आणि मी पुढं, कारण माझा काही उपयोग नव्हता. मग प्रयोग. वेग दिल्यावर येतो की सोडल्यावर? गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर थांबतो का? उजव्या वळणावर वाढतो की डाव्या? सर सांगत, ‘ओढीत आला तं दात. सोडल्यावर आला तं बेअरिंग. वळणावरच आला तं आतले बारके दाते. एका वळणावर येते अन् दुसऱ्यावर नाही, तं चाक पाहा.’ ऐकून ऐकून मला पाठ झालं. वृत्तांची लक्षणं विसरेन, हे विसरणार नाही.

पण अडचण अशी की आवाज ऐकणारे दोघं, आणि दोघांनाही ऐकू काही येत नव्हतं. मग ते सरांचा चेहरा बघून उत्तरं देत. दुपारच्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये दोघांकडून आवाज तोंडानं काढून घेत. ‘हं, गणित सर, सकाळचा करून दाखवा.’ गणिताचे सर चष्मा काढून ‘घूंऽऽ’ करायचे. खेळाचे सर ‘कट् कट् कट्’ करायचे. सर गंभीरपणे ऐकून म्हणायचे, ‘दोन आवाज आहेत म्हणजे. एक दाताचा, एक दांड्याच्या जोडाचा, क्रॉसचा.’ आणि संध्याकाळी जीप गॅरेजात. एकदा शिक्षणाधिकारी अचानक तपासणीला आले तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन पदवीधर शिक्षक तोंडानं आवाज काढत होते आणि तिसरा म्हणत होता, ‘शाब्बास, आता तोच चढावर.’

मिस्त्री बिचारा हैराण. प्रत्येक वेळी म्हणायचा, ‘थोडी चालू द्या ना जी सर, बसून जाईल.’ त्याच्या मते जगातली कुठलीही गोष्ट थोडी चालू दिली की बसून जाते. सरांनी चालू दिली नाही. चाकाची बेअरिंगं बदलली. दांड्याचा क्रॉस बदलला. मागची चाकं पुढं, पुढची मागं. स्टेपनी घरी काढून ठेवली. डिफरन्शियल उतरवून, उघडून, पुन्हा बसवलं. दर वेळी नव्या उमेदीनं निघायचो आणि चिखल्याच्या अलीकडे सरांचं बोट वर व्हायचं.

‘आला?’

‘हाव सर.’

‘हाव जी, आधीपेक्षा जास्त.’

‘मले नाही आला.’

खरं म्हणजे सरांना सगळीकडेच आवाज यायचे. त्यांच्या वर्गातला पंखा त्यांनी दोनदा बदलायला लावला. ‘बुश गेलं आहे, कुईं करते.’ खेळाच्या सरांचा गुडघा त्यांनी शाळेच्या पायरीवर कान लावून तपासला आणि ‘ग्रीस संपलं’ असं निदान केलं. एका लग्नात आम्ही पंगतीत बसलो होतो, तर हे ताटावरून उठून जनरेटरवाल्याकडे. त्याला म्हणाले, ‘बेअरिंग चाललं तुझं.’ तो म्हणाला, ‘सर, जनरेटर बंद आहे, लाइट आली ना.’ वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला सांगितलं होतं की त्यांनी फ्रीज वऱ्हांड्यात ठेवला आहे, रात्री कुईं करतो म्हणून, आणि आता वऱ्हांड्यातला फ्रीजही आत ऐकू येतो म्हणे. ‘टीव्ही मात्र असा लावते जी,’ वहिनी म्हणाल्या, ‘का शेजारच्यायनं आपला विकून टाकला.’

आम्ही हसायचो. त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे माझ्या मेलीच्या डोक्यात आलं नाही.

संक्रांत झाली आणि सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, ‘यंदा मी पोरी नाही नेणार.’

आम्हाला वाटलं गंमत करतात. पण ते टेबलाकडे बघत बोलत होते. ‘आवाज जात नाही. मागच्या वेळी असाच अर्ज दिला असन गाडीनं, मले समजला नाही अन् चाक गेलं. आता समजून राह्यला, तरी पोरी बसवू? माह्याच्यानं होत नाही.’

गणिताचे सर चपापले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मधल्या सुट्टीत मी दोघांना व्हरांड्यात गाठलं. ‘आता तरी सांगा ना जी त्यांना, की आवाज येत नाही म्हणून!’ तर गणिताचे सर म्हणतात, ‘आता कसं सांगावं, मॅडम? इतके दिवस ‘घूं’ केलं.’ आणि खेळाचे सर म्हणाले, ‘मले तं आता खरंच येते असं वाटून राह्यलं.’ अशी माणसं! कपाळावर हात मारून घ्यावा नाही तर काय.

मग मीच गेले. म्हटलं, ‘सर, जीप ठीक आहे. आवाज नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगून राह्यली.’

सरांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की माझा पाराच उतरला. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘मी बरेच दिवसांपासून बोलीन बोलीन म्हणत होतो. तुमचं वय काही जास्त नाही. कानाले दाखवून घ्या. लाजू नका.’

‘माझ्या कानाले?’

‘तिघाले येते, एकाले येत नाही. तुमीच सांगा, खराबी कुठं आहे?’

हिशेब चोख होता. मी संतापले, पण त्याच संतापात एक गोष्ट सुचली. म्हटलं, ‘चला. दाखवते. तुमीच घेऊन चला, अन् डॉक्टर कान चांगले म्हणली तं पोरी न्यायच्या. बोला.’ सरांनी क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्याच जीपमधून भंडाऱ्याला गेलो. वाटेत सरांनी मला धीर दिला, यंत्र लावलं की सगळं ऐकू येतं, आता लहान लहान येतात, पदराखाली दिसत नाहीत. मी दात ओठ खात बसले.

कानाची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर मोठे हेडफोन घातले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दाबत गेले. बाहेर येताच ती म्हणाली, ‘मॅडम, तुमचे कान एकदम छान आहेत.’ मी सरांकडे पाहिलं. पण सर माझ्याकडे बघतच नव्हते. ते त्या खोलीकडे बघत होते.

‘हे मशीन भल्लं कामाचं दिसते,’ ते म्हणाले. ‘बारीक आवाजबी धरते? एकदा माह्यावर लावा ना जी. पाहू कसं चालते.’

डॉक्टर हसली आणि बसवलं त्यांना. सर आत ताठ बसले, डोळे मिटले, जीपमध्ये बसतात तसे. आणि बटण दाबलं. दाबूनच ठेवलं. सोडेचनात.

डॉक्टरनं दार उघडून सांगितलं, ‘काका, आवाज आला की दाबा, गेला की सोडा.’

‘गेला नाही ना पण!’

‘काका, मी अजून आवाज सोडलेलाच नाही.’

सरांनी डोळे उघडले. ‘मंग हा कोन करून राह्यला?’

‘कसा येतोय?’

‘कुईंऽऽ,’ सर म्हणाले. ‘बारीक. मागून.’

मला हसू फुटलं ते दाबायला मी तोंडात पदर कोंबला, आणि पुढच्याच क्षणी ते हसू कुठं गेलं कळलं नाही. वर्गातला पंखा, वऱ्हांड्यातला फ्रीज, बंद जनरेटर आणि डिफरन्शियल, सगळ्यांत एकच कुईं, आणि ती सगळीकडे सरांबरोबर जात होती.

डॉक्टरनं मग नीट तपासलं. तिनं काही आवाज खरंच सोडले तेव्हा सरांना ते ऐकू आले नाहीत, बारीक तर मुळीच नाहीत. तिनं विचारलं, कधी मोठ्या आवाजात काम केलंय का? तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नसलेली गोष्ट सर बोलले. नोकरी लागायच्या आधी, शिकत असताना, काही वर्षं ते कुठल्याशा खाणीत जमिनीखाली ड्रिल मशीनवर होते. ‘कानात बोळे घाला म्हणत. आमी जवान होतो, कायले घालतो? बोळे घातले का दोस्त हसत.’ डॉक्टर म्हणाली, कानातला हा आवाज आता जाणार नाही, काका. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, एवढंच. ऐकू कमी येतं त्यासाठी यंत्र घ्या.

बाहेर चहाच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. सरांनी चहा संपवला, ग्लास ठेवला आणि एकदम माझ्याकडे वळले. चेहरा असा फुललेला की मी घाबरलेच.

‘मॅडम! म्हणजे डिफरन्शियल चांगलं आहे!’

‘सर...’

‘अवो, कान गेले तं गेले. ते आतून कोनी खोलून पाहत नाही. पण गाडी चांगली आहे ना! पोरी जातीन!’

त्यांनी तिथल्या तिथं पेढे घेतले. तुमसरला आल्यावर पहिला पेढा मिस्त्रीच्या तोंडात कोंबला आणि त्याला म्हणाले, ‘बसलं, बाप्पा. तू म्हणत होता तसंच बसलं.’ सोमवारी स्टाफरूममध्ये सगळी हकिकत मोठ्या आवाजात स्वतःच सांगितली. गणिताचे सर आणि खेळाचे सर खाली मान घालून पेढा चघळत बसले. सरांनी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही, की मग तुम्ही काय ऐकत होता?

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी लग्नघराच्या उत्साहानं जीप धुतली, चारही चाकं खोलली, ग्रीस भरलं, पुन्हा बसवली. शेवटचं चाक बसवत असताना वहिनींनी चहाला हाक मारली.

सकाळी आम्ही टोल्यावर गेलो. दिपालीचा बाप तिला जीपपर्यंत सोडायला आला. त्यानं मागच्या चाकाला पायानं ठोकून बघितलं आणि बाजूला झाला. पोरी दोन्ही बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. त्यांच्यामध्ये गणिताचे आणि खेळाचे सर, पुढं मी आणि सर. सरांनी त्या दिवशी कुणाला गप्प बसवलं नाही, तरी पोरी पुस्तकांत डोकं खुपसून गप्पच होत्या.

डांबरी रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळानं मला ऐकू आलं. टक्. टक्. टक्. मागून. सरांकडे पाहिलं, ते निवांत. मला वाटलं, भास असेल. इतके महिने आवाजाच्या नावानं बोटं मोडल्यावर आता मलाच यायला लागला की काय! पण टक् टक् वाढत गेली.

‘सर,’ मी म्हटलं, ‘आवाज येऊन राह्यला.’

सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग आरशातून मागं बघत ओरडले, ‘काय जी, येते का काही?’

‘काहीच नाही, सर!’ गणिताचे सर.

‘एकदम मस्त चालली जी!’ खेळाचे सर.

पोरी वह्यांत बघत होत्या. सरांनी घड्याळ पाहिलं. थांबलो तर उशीर, पेपर पहिला, फाटक बंद झालं की कोणी उघडत नाही. आणि न थांबलो तर? एका बाजूला दोन माणसं, दुसऱ्या बाजूला मी एकटी, आणि कानाचं यंत्र परीक्षेनंतरवर ढकलल्यामुळे सरांना स्वतःला मागून कुईंशिवाय काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

‘कसा येते?’ त्यांनी हळू विचारलं. त्यांच्या तोंडून हळू बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

‘टक् टक्. मागून. वेग वाढला का वाढते.’

‘वळणावर?’

पुढं उजवं वळण होतं. आम्ही वळलो. ‘वाढला,’ मी म्हटलं. पुढं डावं वळण आलं. ‘कमी झाला.’

‘उजव्या वळणावर भार डावीकडं. डावं मागचं,’ सर म्हणाले आणि जीप बाजूला घेतली.

खाली उतरून त्यांनी डाव्या मागच्या चाकाच्या नटाला हात लावला. नट बोटानं फिरला. दुसरा फिरला. तिसरा हातात आला. सर चहाला गेले होते तेव्हा नट आवळायचे राहिले होते आणि आनंदाच्या भरात परत येऊन जॅक काढला होता. सर खाली बसले आणि पाना लावून एकेक आवळू लागले. एकही नट त्यांनी दुसऱ्या कुणाला आवळू दिला नाही.

मग उभे राहून त्यांनी त्या दोघांना विचारलं, ‘तुमाले खरंच नाही आला?’

गणिताचे सर चष्मा पुसायला लागले. ‘आला होता, सर.’

‘मंग?’

‘डॉक्टरनं सांगतलं ना जी, का आवाज तुमच्या कानात आहे. आता आमी पुन्हा आवाज आला म्हटलं असतं तं... तुमाले वाईट वाटलं असतं.’

‘म्हणून म्हटलं, राहू द्या,’ खेळाचे सर म्हणाले.

मी तोंड उघडलंच होतं, आणि काय काय बोलणार होते ते लिहिण्यासारखं नाही. पण त्याआधी दिपाली गाडीतून वाकून म्हणाली, ‘आमाले बी आला होता, सर. टोल्यापासून येत होता.’

‘अन् तू काहून नाही बोलली?’

‘मोठे सर लोक नाही म्हणून राह्यले होते. आमी कसं म्हणावं?’

सरांनी पाना पुसून सीटखाली टाकला. मग म्हणाले, ‘म्हणत जा, बाई. म्हणत जा.’ आणि गाडीत बसले.

फाटक बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. पोरी धावत आत गेल्या. ते दोघं तिथंच थांबले, त्यांची तिथं ड्यूटी होती. आम्ही दोघं शाळेकडे परत निघालो. मध्ये जंगलाचा सुनसान पट्टा लागतो. त्या दिवसांत तिथं मोहफुलांचा वास भरलेला असतो आणि माणूस दिसत नाही. तिथं सरांनी जीप थांबवली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

‘मॅडम,’ त्यांनी विचारलं, ‘आता काही येते?’

मी ऐकलं. नीट ऐकलं, पहिल्यांदाच मनापासून. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

‘काहीच नाही, सर.’

‘मले येऊन राह्यला,’ सर म्हणाले. ‘बारीक. मागून.’

खोटं तर त्या माणसाशी आता मला बोलवलंच नसतं. ‘नाही, सर,’ मी परत म्हटलं. ‘खरंच काही नाही.’

त्यांनी किल्लीवर हात ठेवला.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘तुमी नाही म्हणता ना, मंग नाही.’

आणि त्यांनी गाडी चालू केली.